मराठी रॅप गल्लीतून निघाला, पण आता राहतो कुठे?

सांदीकोपरा (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात चेंबूरच्या एका उड्डाणपुलाखाली चार मुलांचा सायफर, म्हणजे घोळक्यात आळीपाळीने रॅप करण्याचा फड, चालला होता. आवाज मोठा यावा म्हणून त्यांनी मोबाईल स्टीलच्या पेल्यात उभा ठेवला होता. त्यांतला एक, वय असेल सतरा-अठरा, वडिलांच्या रात्रपाळीवर मराठीत रॅप करत होता: डबा, पहाटेची पहिली लोकल, थकलेला पगार. एवढ्यात मित्राने चित्रीकरणासाठी दुसरा मोबाईल काढला. हा थांबला आणि तेच कडवे त्याने पहिल्यापासून हिंदीत सुरू केले. मी नंतर कारण विचारले, तर म्हणाला, "दादा, मराठीत व्ह्यूज येत नाहीत."

माझे म्हणणे या प्रसंगावरच उभे आहे. मुंबईच्या गल्ली रॅपची मोठी लाट, म्हणजे रॅपर डिव्हाइनचे 2013 सालचे 'ये मेरा बॉम्बे', कुर्ल्याच्या नेझीने 2014 मध्ये आयपॅडवर चित्रित केलेले 'आफत' आणि 2015 मध्ये दोघांनी मिळून केलेले गाणे, ही मुळात बंबईया हिंदीची लाट होती. धारावीच्या गटांत आणि 'स्वदेशी'सारख्या चमूत मराठीला जागा मिळाली ती त्या हिंदीच्या शेजारी. फेब्रुवारी 2019 मध्ये 'गली बॉय' हा चित्रपट आला, मोठ्या संगीत कंपन्यांना या प्रकारात पैसा दिसू लागला, आणि तेव्हापासून 'गल्ली' हा नेपथ्याचा भाग झाला. पत्र्याची भिंत, रंगवलेले शटर, मागे उभी वीस मुले आणि मधूनच एक 'भावा' किंवा 'नाद नाय करायचा'. मराठी आता फोडणीपुरती उरली आहे. रस्त्यावरचा रॅप समोरच्या वीस माणसांना कळावा म्हणून केला जात असे. आता तो समोर नसलेल्या लाखोंसाठी केला जातो. अशा रॅपला मराठीत भवितव्य आहे असे मला तरी वाटत नाही.

वऱ्हाडकर

धागाकर्त्यांशी मी पूर्णपणे असहमत आहे. तुम्ही चेंबूरच्या पुलाखाली उभे राहून साऱ्या मराठी रॅपचा मृत्यूचा दाखला लिहिलात. अमरावतीकडे कधी पाहिलेत का? सौरभ अभ्यंकर म्हणजे '100 आरबीएच' तिथला, विपिन तातड तिथला. दोघांनीही पुण्या-मुंबईच्या प्रमाण मराठीची उसनवारी न करता आपल्या बोलीत आणि आपल्या प्रश्नांवर लिहिले आहे. जातीबद्दल त्यांच्या रॅपमध्ये जे थेटपणे येते ते मराठी चित्रपटसंगीतात मला सहसा आढळत नाही.

राहिला प्रश्न समोरच्या माणसांचा. आमच्याकडे 14 एप्रिलच्या आसपास जयंतीच्या मंचावर एखादा मुलगा भीमगीतानंतर माइक घेतो आणि रॅप करतो, तेव्हा पुढच्या रांगेत त्याची आजी बसलेली असते. तिला रॅप हा शब्द ठाऊक नसतो, पण पोरगा काय म्हणून राह्यला ते नेमके कळते. वामनदादा कर्डकांची गाणी ज्या वस्तीने पाठ केली, त्याच वस्तीत हे ऐकले जाते. मुंबईत गल्लीचे नेपथ्य झाले असेल तर ते मुंबईचे दुखणे आहे.

यतिभंग

वऱ्हाडकरांचा मुद्दा मोलाचा आहे, मात्र रॅपला थेट शाहिरीच्या आणि जलशाच्या वंशावळीत बसवण्याची जी घाई आपल्याकडे होते, तिच्याबद्दल मला शंका आहे. सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांच्या मागे चळवळ होती. कुठे जायचे, कोणासमोर काय मांडायचे, हे तिथे ठरत असे. रॅपर बहुधा एकटा असतो. त्यातल्या त्यात जवळचे नाते जोडायचेच असेल तर ते कलगी-तुऱ्याशी जोडावे, कारण तिथेही प्रतिपक्षाला सर्वांदेखत शब्दांत अडकवायचे असते आणि जिंकला कोण हे ऐकणारेच ठरवतात.

माझा खरा आक्षेप कारागिरीवर आहे. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते, त्यामुळे केलं-गेलं-मेलं-नेलं अशी यमके आपसूक हाती लागतात. नवखा रॅपर सोळा ओळी याच्यावर ओढतो, आणि आठव्या ओळीपर्यंत ऐकणाऱ्याला पुढचा शब्द आधीच कळू लागतो. चांगला लिहिणारा वाक्य मोडतो, नाम किंवा एखादा बाजारी इंग्रजी शब्द ओळीच्या टोकाला आणतो आणि क्रियापद पुढच्या ओळीच्या पोटात ढकलतो. बोलीचा फायदा इथेच होतो. 'करतोय' दोन झटक्यांत संपते, 'करून राह्यला' म्हणायला तालात दुपटीने जागा लागते, आणि तेवढ्या जागेत वऱ्हाडी रॅपर बीटच्या किंचित मागे रेंगाळू शकतो. हा गुण भाषेचा आहे, तो विकतच्या बीटमधून, म्हणजे तयार तालसंगीतातून, मिळत नाही. तेव्हा मराठीत व्ह्यूज येत नाहीत असे सांगणाऱ्या किती जणांनी मराठीत नीट लिहून पाहिले आहे, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

खोलीतला_स्टुडिओ

नीट लिहावे हे मान्य, पण लिहिणाऱ्याच्या खिशाकडेही पाहावे. मी गोधड्या आणि अंड्यांचे ट्रे लावलेल्या दहा बाय दहाच्या खोलीत ध्वनिमुद्रण करतो. (अंड्यांच्या ट्रेने बाहेरचा आवाज अडत नाही हे मला ठाऊक आहे, पण येणाऱ्या मुलाला स्टुडिओत आल्यासारखे वाटते.) माझ्याकडे येणारी बहुतेक मुले यूट्यूबवरून 'फ्री' लिहिलेला बीट उतरवून आणतात. तो फुकट असतो तो फक्त ऐकण्या-सरावापुरता. गाणे चालले की बीट करणाऱ्याचा स्वामित्वहक्काचा दावा येतो आणि जाहिरातींचे पैसे त्याच्याकडे वळतात. परवाना विकत घेतला, तरी स्वस्तातला परवाना गाणे ठरावीक वेळा ऐकले जाईपर्यंतच चालतो आणि तोच बीट आणखी पन्नास जणांनी घेतलेला असतो.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडच्या एका मुलाला एका कंपनीने करार देऊ केला. गाण्याची मूळ ध्वनिफीत कायमची कंपनीची, पुढच्या सहा गाण्यांवर पहिला हक्क कंपनीचा, आणि वर 'भाषा संवादयोग्य असावी' असे एक कलम. त्याचा अर्थ हिंदी, हे फोनवर सांगितले गेले. कागदावर अर्थातच नाही. त्याने सही केली. आईच्या औषधांचा खर्च होता. धागाकर्ते ज्याला नेपथ्य म्हणतात ते एखाद्याच्या घरचे भाडे असते, आणि गल्लीने गल्लीतच राहावे ही अपेक्षा गल्लीबाहेरच्यांनाच परवडते.

मंजिरी_ठाणेकर

भाडे सर्वांनाच भरायचे असते, स्टुडिओदादा. पण बाजाराबद्दलचा तुमचा अंदाजही जुना झाला आहे. 2024 मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकर यांचे 'तांबडी चामडी' हे मराठी गाणे एका डच कंपनीने प्रसिद्ध केले आणि ज्यांना मराठीचे अक्षर येत नाही तेही त्यावर नाचले. तो गल्ली रॅप नाही, ते हाऊस, म्हणजे नाचण्यासाठीचे इलेक्ट्रॉनिक संगीत आहे, हे मी आधीच मान्य करते. मात्र मराठीमुळे गाणे अडते हे कारण त्यानंतर पुढे करता येणार नाही.

आता ज्याबद्दल या धाग्यावर अवाक्षर नाही ते बोलते. रस्त्यावरचा रॅप, रस्त्यावरचा रॅप असा जो गहिवर इथे दाटला आहे, त्या रस्त्यावर मुली कुठे आहेत? मी एका महाविद्यालयीन स्पर्धेत परीक्षकांच्या शेजारी बसले होते. अंतिम फेरीत दोघांनी एकमेकांना हरवण्यासाठी जे काही म्हटले त्यात प्रतिस्पर्धी कमी आणि त्याची आई-बहीण जास्त होती, आणि यतिभंग म्हणतात ते ऐकणारे टाळ्या वाजवत होते. वऱ्हाडकरांच्या आजीला हे ऐकवाल का?

वऱ्हाडकर

आजीला ऐकवणार नाही, आणि या बाबतीत माझ्याकडे बचाव नाही. मात्र जे आजीला ऐकवता येते, त्याचे काय होते तेही पाहा. एप्रिल 2023 मध्ये राज मुंगासे या मराठी रॅपरवर राजकीय गाण्यावरून अंबरनाथमध्ये गुन्हा नोंदवला गेला, आणि त्याच सुमारास उमेश खाडे यालाही पोलिसांना सामोरे जावे लागले. दोघांचीही गाणी मराठीत होती. 2019 च्या 'वारली रिव्होल्ट' या गाण्यात 'स्वदेशी'सोबत मुंबईतल्या आरेच्या जंगलातल्या पाड्यातले प्रकाश भोईर गायले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी तिथली झाडे रातोरात तोडली गेली. त्या गाण्याने झाडे वाचली नाहीत. पण 'फोडणीपुरती' भाषा असती, तर आरेतल्या माणसाला त्यात स्वतःचा आवाज लावावासा वाटला असता का? आणि जो रॅप मेला आहे त्याच्यावर गुन्हे कशाला नोंदवायचे?

यतिभंग

गुन्हा नोंदवला गेला म्हणून काव्य थोर ठरत नाही, एवढी पुरवणी जोडतो.

सांदीकोपरा (धागाकर्ता)

मंजिरीताईंचा आक्षेप मला आधी सुचायला हवा होता. पुलाखालच्या त्या चौघांत मुलगी नव्हती आणि ते मला खटकलेही नव्हते. अमरावतीबद्दल वऱ्हाडकरांपुढे मी माघार घेतो. मुंबईबद्दल माझे मत अजून कायम आहे, पण त्याचे कारण मी चुकीचे सांगितले होते.

हा धागा वाचल्यावर रविवारी मी पुन्हा पुलाखाली गेलो. तो मुलगा भेटला. मी मोबाईल खिशातच ठेवला आणि मराठी कडवे पुन्हा ऐकवण्याची विनंती केली. त्याने इकडेतिकडे पाहून हळू आवाजात ऐकवले. त्यात तिसऱ्या ओळीत वडिलांचा पगार थकवणाऱ्या कंत्राटदाराचे नाव होते. त्याच्याकडे काम करणारे बहुतेक जण आमच्याच वस्तीतले मराठी लोक आहेत, आणि हे कडवे कोणाच्याही फोनवर गेले तर संध्याकाळपर्यंत कंत्राटदाराकडे पोहोचेल, असे तो म्हणाला. हिंदी कडव्यात त्या जागी नुसते 'सेठ' होते. मी त्या दिवशी दोन्ही ऐकली होती आणि हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता.