खरेदीला "नीट कपडे" घालून जायचं, ते कोणाच्या नजरेला नीट?

कांदेबाग (रावेर)

काल पाचकंदील यांनी लिहिलं, ते थोडक्यात असं: "आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) गर्दीत लोक मळके कपडे आणि स्लिपर घालून सोन्याच्या शोरूममध्ये शिरतात, मग सेल्समननं विचारलं नाही म्हणून रुसतात. घरून नीट कपडे घालून निघाले तर निम्मे वाद होणारच नाहीत." खाली "अगदी बरोबर" म्हणणाऱ्यांची रांग लागली आहे. मला ते सहन झालं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

मळके म्हणजे काय, ते आधी समजून घ्या. केळीचा चीक कपड्यावर पडतो तेव्हा पाण्यासारखा असतो, दिसतही नाही. वाळला की तपकिरी-काळा डाग उठतो आणि मग कोणत्याही साबणानं तो निघत नाही. घड खांद्यावरून वाहणाऱ्या माणसाकडे बिनडागाचा शर्ट शोधून सापडणार नाही. धुतलेला, इस्त्री केलेला शर्टही डागाचाच असतो. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा सगळ्यांना अभिमान वाटला होता. त्याच केळीचा डाग अंगावर घेऊन माणूस दुकानात आला की तो मळका ठरतो?

बहिणीच्या लग्नाच्या वर्षी वडिलांनी सकाळी केळीची गाडी भरून दिली आणि ते तसेच जळगावला गेले. गळ्यातली सोन्याची पोत करायची होती. दारावरच्या गार्डनं विचारलं, "काय काम आहे?" आत कोणी बसा म्हटलं नाही. बऱ्याच वेळानं एका पोरानं न विचारताच चांदीच्या जोडव्यांचा ट्रे पुढे सरकवला. वडील एक शब्द न बोलता बाहेर पडले आणि गावाकडच्या सराफाकडून पोत केली.

दुकानानं पैसे जरूर तपासावेत. २ लाखांच्या वर खरेदी असेल तर पॅन मागावा लागतो. २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेताच येत नाही. हे सगळं बिल करताना विचारायचं असतं. दारातच चप्पल पाहून कोणाची ऐपत ठरवायचा अधिकार कोणी दिला?

पाचकंदील (धुळे)

भाऊ, तुमच्या वडिलांबरोबर जे झालं ते वाईटच झालं. पण मी शेतकऱ्यांविरुद्ध लिहिलं असं रंगवू नका.

माझे आजोबा मजुरी करायचे. बाजाराच्या दिवशी मात्र धुतलेलं धोतर आणि पांढरी टोपी असायचीच. आजीचं एक लुगडं फक्त बाजाराला आणि लग्नाला निघायचं, एरवी पेटीत. त्यांना कोणत्या सेल्समनला खूश करायचं नव्हतं. चारचौघांत जाताना आपण नीट दिसावं, ही त्यांची स्वतःची इच्छा होती. गरीब माणसानंच ही रीत जपली. ती मोडली पैसेवाल्यांच्या पोरांनी. बापाच्या गाडीतून उतरतात, अंगात बर्मुडा, आणि दुकानात त्यांना लगेच थंड पाणी मिळतं. माझा राग त्यांच्यावर आहे.

कांदेबाग (रावेर)

मग तसं लिहायचं होतं. तुम्ही "स्लिपर" लिहिलंत. स्लिपर कोण घालतो ते सगळ्यांना माहीत आहे.

काउंटरवरचा (जळगाव)

मी याच कामावर आहे, माझंही ऐका. आखाजी आणि धनत्रयोदशीला सकाळी उभा राहिलो की रात्रीच बसायला मिळतं. एका वेळी चार गिऱ्हाइकं समोर आणि ट्रे उघडे. एखादी अंगठी कमी भरली तर मालक आधी आमच्याकडे बघतो, आणि काही ठिकाणी पगारातून कापतो.

मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, लोक तोंडाला रुमाल गुंडाळून येतात. कॅमेऱ्यासाठी रुमाल सोडा म्हटलं तरी अपमान होतो. आम्ही कपड्यांवरून अंदाज बांधतो हे खरं आहे. नाही बांधला तर दिवसभर फक्त बघणाऱ्यांनाच दागिने दाखवत बसू. मात्र एक गोष्ट मान्य करतो: हात मारताना मी ज्यांना पकडलेलं पाहिलं, ते सगळे चांगल्या कपड्यांत होते.

तापीकाठ (शिरपूर)

शेवटच्या वाक्यानं तुमचा सगळा अंदाजच खोटा ठरला, दादा.

बायांचं काय, ते कोणी बोलत नाही. गाऊनवर ओढणी घेऊन कोपऱ्यावर मेथी घ्यायला गेलं तरी गल्लीत चर्चा. तीच बाई सोन्याच्या दुकानात गेली तर तिच्या हातातल्या पिशवीपासून मोजणी सुरू होते. आणि मोजणी फक्त नजरेत राहत नाही, बिलात उतरते. सोन्याचा भाव फलकावर लिहिलेला असतो. घडणावळ, म्हणजे दागिना घडवायची मजुरी, कुठे लिहिलेली असते?

आमच्या घरात एकाच दुकानातून, एकाच नमुन्याच्या मंगळसूत्राच्या दोन वाट्या घेतल्या. मी साध्या साडीत गेले होते, जाऊबाई ऑफिसमधून गाडीनं आल्या. त्यांची घडणावळ कमी लावली. मला वाटलं होतं दुकानदार गरिबाला सवलत देईल. सवलत मिळाली ती पुन्हा येईल असं वाटणाऱ्या गिऱ्हाइकाला.

हिशेबी (अमळनेर)

ताई मुद्द्यावर आल्या. कपड्यांवर भांडून काय मिळणार? बिल वाचायला शिका. वजन गुणिले त्या दिवसाचा त्या कॅरेटचा भाव, अधिक घडणावळ, वर ३ टक्के जीएसटी. १६ जून २०२१ पासून हॉलमार्कची, म्हणजे शुद्धतेच्या शिक्क्याची, सक्ती टप्प्याटप्प्यानं आली, आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी (दागिन्याचा ओळख क्रमांक) असल्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. तो क्रमांक सरकारच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की दागिना किती शुद्धतेचा ते तिथेच दिसतं. २२ कॅरेट म्हणजे ९१६, हजारात ९१६ भाग सोनं. म्हणजे शुद्धतेत फसवणं आता अवघड आहे. जो काही खेळ उरला, तो घडणावळीत आणि जुन्या सोन्याच्या मोडीत. मोडीला घट किती धरली, ते तोंडी सांगतात. कागदावर मागा, लगेच आवाज बदलतो.

काउंटरवरचा (जळगाव)

हिशेबी भाऊ, मशीनची साखळी आणि हाताची पोत यांची घडणावळ एक कशी असेल? कारागिराचं पोट त्यावरच आहे. सगळ्यांना एका ओळीत चोर ठरवू नका.

तापीकाठ (शिरपूर)

मी एकाच नमुन्याबद्दल लिहिलंय. परत वाचा.

काउंटरवरचा (जळगाव)

दोन दिवसांचे भाव वेगळे असतील, वजन वेगळं असेल. बिल न दाखवता आरोप करणं सोपं असतं, ताई.

तापीकाठ (शिरपूर)

भाव वेगळा असेल, पण घडणावळीचा टक्का का बदलला? दोन्ही बिलं कपाटात आहेत. मी शाळेत गणित शिकवते, टक्केवारी मला समजावू नका.

पारोळ्याचे आबा

भाऊहो, आमना येळले सराफनी गादी ऱ्हाये. चपला बाहेर काढीसन सगळा सारखाच बठेत.

मराठीत लिहितो, सगळ्यांना कळावं म्हणून. गादीवर बसायचं म्हणजे जोडा बाहेर. आत आल्यावर पायात काय होतं ते दिसायचंच नाही. काचेचं दार, फरशी आणि उंच काउंटर आला, तेव्हापासून बूट घालून आत जायची पद्धत पडली आणि चप्पल बघायची सवय लागली. जुना सराफ तुमच्या आज्यालाही ओळखायचा. कापूस विकला गेला की पैसे द्या म्हणायचा.

हिशेबी (अमळनेर)

आबा, मोठे आहात म्हणून जपून बोलतो. कापूस येईपर्यंतच्या त्या उधारीवर व्याज किती चढायचं, तेही लिहा. माझ्या आजीच्या पाटल्या अशाच एका गादीवर गहाण पडल्या, त्या परत आल्या नाहीत. ओळख होती म्हणूनच तिला जास्त विचारता आलं नाही. मला अनोळखी दुकान आणि छापील बिल परवडतं.

पारोळ्याचे आबा

ते पण खरं शे. पण बसायला तरी मिळायचं.

सातपुडा (धडगाव)

सगळं वाचलं. तुम्ही सगळे धरून चाललात की नीट कपडे कोणते, हे ठरलेलं आहे.

होळीआधी आमचा भोंगऱ्या बाजार भरतो. त्या दिवशी आमच्या पावरा जमातीच्या बाया सगळ्यात चांगलं नेसून, चांदीची हासली, कडी, साखळ्या घालून निघतात. पाचकंदील भाऊंनी आजीचं लुगडं सांगितलं, त्याहून यात काय वेगळं आहे? त्याच वेषात माझी आई तालुक्याच्या नव्हे, मोठ्या शहरातल्या दुकानात गेली. अंगावर त्या काउंटरवरच्या कोणाहीपेक्षा जास्त चांदी होती. तरी तिला एकेरीत बोलले, आणि ट्रे तिच्या हातात न देता लांबून दाखवला. ती मळकी नव्हती, ती सणाच्या पोशाखात होती. तिला कोणते नीट कपडे घालायला सांगणार? साडी नेस, पावरी दिसू नकोस, एवढंच ना?

राज्यघटनेच्या कलम १५(२) मध्ये दुकानांचा उल्लेख नावानिशी आहे. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांच्या आधारावर कोणाला दुकानात जायला आडकाठी करता येत नाही. पोशाख त्यात लिहिलेला नाही. पण पोशाखावरूनच जमात ओळखली आणि मग तसं वागवलं, तर कोणत्या आधारावर वागवलं, ते वकिलाशिवायही कळतं. आणखी एक, हिशेबी भाऊ: हॉलमार्कची सक्ती सोन्याला आहे, चांदीला नाही. आमची सगळी पुंजी चांदीत. हॉलमार्क नसलेल्या चांदीसाठी कोणतं अ‍ॅप उघडू?

हिशेबी (अमळनेर)

चांदीचा मुद्दा माझ्या लिहिण्यात यायला हवा होता. चांदीवर हॉलमार्क नसेल तर पक्कं बिल आणि त्यावर शुद्धतेचा आकडा लिहून घ्या.

पाचकंदील (धुळे)

धडगावच्या भावाला माझ्याकडे उत्तर नाही. "नीट" हा शब्द मी माझ्या आजोबांच्या धोतरावरून लिहिला, त्यांच्या आईचा पोशाख माझ्या डोक्यातच नव्हता. तेवढं मान्य. बर्मुड्याबद्दलचं एक अक्षर मागे घेणार नाही.

कांदेबाग (रावेर)

बर्मुडा तुमच्याकडेच ठेवा. माझं मागणं दुकानांकडे आहे. दारातून येईल त्याला आधी बसा म्हणा, काय हवं ते विचारा, आणि घडणावळीचे टक्के नमुन्यानुसार भावाच्या फलकाशेजारी लावा. मग कोण कशात आलाय, याचा कोणाला फरक पडणार नाही.

काउंटरवरचा (जळगाव)

बसा म्हणायचं मी उद्यापासून करतो, आणि बाकीच्या पोरांनाही सांगतो. फलकाचं मालक ऐकणार नाही. त्याचा नफा त्यातच आहे.

तापीकाठ (शिरपूर)

बघा, शेवटी तुम्हीच लिहिलंत. रविवारी दोन्ही बिलं नावं झाकून इथे टाकते. मग टक्क्यांवर बोलू.