दोनच माणसांची जाखडी, घुमणारे सभागृह: मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. राजापूर तालुक्यातील आमच्या खाडीकाठच्या गावी वाचनालयाच्या सभागृहात डिसेंबरमध्ये एका तरुण गायकाचा कार्यक्रम ठरला आहे. तो कोणत्याही मंडळात नाही. जाखडी या कोकणातील लोकनृत्यातले गण, गवळण आणि शक्ती व तुरा या दोन प्रतिस्पर्धी पक्षांचे सवाल-जवाब तो झांज वाजवत एकटाच गातो आणि साथीला फक्त एक मृदंगवादक असतो. जाखडी म्हणजे गोल धरून नाचणारी पोरे, असे समजणाऱ्या आमच्या ज्येष्ठांना हा प्रकार अजून पटलेला नाही, पण तो वेगळा विषय आहे.

सभागृहात साधारण 120 माणसे बसतात. भिंती चिऱ्याच्या, आतून गिलावा केलेल्या, खाली फरशी आणि वर पत्रे, त्यामुळे टाळी वाजवली तरी नाद घुमत राहतो. गेल्या वर्षी भजनाला मंडपवाल्याचे दोन मोठे स्पीकर लावले, तेव्हा थापेखाली शब्द पार बुडाले आणि नंतर सगळ्यांनी कौतुक केले ते चहाचे. येथे तसे झाले तर कार्यक्रमच उरणार नाही, कारण शक्तीवाल्याने पुराणातला पेच टाकायचा आणि तुरेवाल्याने तो सोडवायचा, या दोन्ही बाजू एकाच गळ्यातून येणार असल्याने शब्द निसटला की कोण कोणाला विचारतो हेच कळणार नाही.

अंगणात कार्यक्रम केला तर घुमणे टळेल, परंतु तेथे दव पडते, आणि उघड्यावर रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपकाला मनाई असल्याने, आमच्याकडे माणसे जेवून यायलाच साडेआठ होतात हे पाहता, हाती फार वेळ राहत नाही. म्हणून सभागृहच बरे, असे माझे मत आहे.

गायक माइकशिवाय गायला तयार आहे; मृदंग त्याच्यावर चढेल अशी भीती मला वाटते. फक्त आवाजाला माइक देऊन एक लहान स्पीकर श्रोत्यांजवळ ठेवावा आणि मृदंग तसाच वाजू द्यावा का? मागच्या भिंतीवर सतरंज्या व गोधड्या टांगल्यास खरोखर फरक पडतो, की माणसे भरली की नाद आपोआप कमी होतो?

दुसरी अडचण मृदंगाची. संध्याकाळच्या दमट हवेत चामडे सैल पडून सूर उतरतो. वादक दुपारी वाद्य उन्हात ठेवतो, पण मध्यंतरानंतर काय करावे? हॅलोजनच्या उजेडाजवळ ठेवल्यास चामड्याला इजा होते का? किनाऱ्यावर वाजवणाऱ्यांनी अनुभव कळवावा, ही विनंती.