मदत हवी आहे: एअर रायफलचा दम गेला, वॉरंटी मिळेल का?

मंडळी, सांगलीतून विचारतोय. ४.५ मिमी, नळी मोडून (म्हणजे खाली दुमडून) भरायची स्प्रिंग रायफल, ७ महिने जुनी. ०.५३ ग्रॅमच्या छऱ्यांवर चोख चालायची. ०.३५ ग्रॅमचे हलके छरे लावल्यापासून आवाज कर्कश, जळक्या तेलाचा वास, आणि आता १० मीटरवरच छरा खाली बसतो. ब्रीचच्या सांध्यावर (नळी रायफलच्या धडाला जुळते तिथे) टिश्यूची पट्टी ठेवून झाडली. हलली नाही, म्हणजे तिथे गळती नाही. नळी मोडताना करकर होते. हलक्या छऱ्यामागे हवेची उशी कमी राहून स्प्रिंगने ढकललेला पिस्टन आपटतो, चेंबरमधलं तेल पेटलं तर पिस्टनचं हवा रोखणारं सीलही जळतं. मग सील गेलं की स्प्रिंग तुटली?

दुकानदार छऱ्यांवर बोट ठेवतोय, पण वॉरंटी कार्डावर वजनाची अटच नाही! लेखी काय मागावं? उघडली तर वॉरंटी जाईल, म्हणून हात लावलेला नाही. साताऱ्यापर्यंत स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरायचं अवजार) असलेला कारागीर कुणाला माहीत आहे का?