पुलमनची पुस्तकं ख्रिस्ती घरात मुलांना वाचू द्यावीत का?

वसईची_आई
नमस्कार मंडळी. मुलगी बारा वर्षांची आहे, मैत्रिणीकडून फिलिप पुलमनच्या हिज डार्क मटेरिअल्सचे तिन्ही भाग घेऊन आलीये आणि रात्री लाइट बंद कर म्हटलं तरी पुस्तक काही हातातून सुटत नाही. पहिला भाग मीपण वाचला, नॉर्दर्न लाइट्स, आवडला खरं तर, पण नणंदेने सांगितलं की तिसऱ्यात देवच मरतो आणि लेखक पक्का नास्तिक आहे, झालं, तेव्हापासून घरात रोज वाद. सासूबाई म्हणतात आजच्या आज परत दे. पुढे तिचं कन्फर्मेशन (चर्चमध्ये श्रद्धा पक्की करायचा विधी) आहे म्हणून मलाही जरा धाकधूक. ज्यांनी खरंच वाचलीत त्यांनीच सांगा प्लीज, व्हॉट्सॲप फॉरवर्ड नकोत.

साधासरळ
परत द्या. 2007 ला पहिल्या भागावरचा गोल्डन कंपास पिक्चर आला तेव्हा अमेरिकेतल्या कॅथलिक लीगने बहिष्कार घाला म्हणून सांगितलंच होतं, की पिक्चरमध्ये चर्चविरोधी भाग सौम्य केलाय पण तो बघून पोरं पुस्तकांकडे वळणार. जगात दुसरी पुस्तकं नाहीत का?

नगरकर_संडेस्कूल
ताई, मी तिन्ही वाचलीत, वर्गातली पोरं विचारायला लागली म्हणून वाचावीच लागली. देव मरतो हे अर्धवट आहे. तो जो ऑथॉरिटी, त्याने विश्व बनवलेलंच नाही, तो आहे पहिला देवदूत, आणि मागून आलेल्यांना त्याने थाप मारली की तुम्हाला मीच बनवलं. आता पार थकलेला, स्फटिकाच्या पालखीत कोंडलेला, गोष्टीतली दोन मुख्य पोरं, लायरा आणि विल, दया येऊन त्याला बाहेर काढतात तर वाऱ्याने विरूनच जातो. वर्गात विचारलं हा आपला देव का रे, तर एक पोरगी फटकन म्हणाली, सर मीच देव असं खोटं सांगणाऱ्या देवदूताला तर आपण सैतान म्हणतो! मी काय वेगळं शिकवणार. बायबलच्या उत्पत्तीतल्या हनोखला मात्र मेटाट्रॉन नावाचा हुकूमशहा करून टाकलाय, ते मला अजिबात पटलं नाही.

2004 मध्ये कँटरबरीचे तेव्हाचे आर्चबिशप रोवन विल्यम्स लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये पुलमनसोबत स्टेजवर बसून यावर बोलले होते, या पुस्तकांवरचं नाटक तेव्हा तिथेच चालू होतं. बंदी राहिली बाजूला, धर्मशिक्षणात यावर चर्चा व्हावी असं त्यांचं म्हणणं. त्यांचा मुद्दा साधारण असा की पुलमनच्या चर्चमध्ये तारणाराच नाही, म्हणून ते चर्च आपल्या देवाचं काय होईल या धास्तीने माणसं मारत सुटतं.

आणि पहिल्या भागातला टोनी आठवतो ना? डीमन, म्हणजे प्राण्याच्या रूपात सोबत राहणारा आत्मा, कापून वेगळा केलेला, त्याच्या जागी सुका मासा छातीशी धरून बसलेलं पोरगं? तो मेल्यावर मोठी माणसं मासा कुत्र्यांना टाकतात तर लायरा केवढी पेटते. आत्मा म्हणजे काय हे माझ्या प्रवचनांत तरी एवढं धारदार येत नाही.

पाखंडी_पुणेकर
नगरकर सर, जरा गुळगुळीत करताय. पुस्तकातल्या चर्चचं मॅजिस्टेरियम हे नाव सरळ कॅथलिक चर्चच्या शिकवण्याच्या अधिकाराचं आहे, आणि मेरी मलोन, आधी नन मग फिजिक्सवाली, ती चक्क सांगते की ख्रिस्ती धर्म ही फार प्रभावी चूक आहे. सी. एस. लुईसच्या ख्रिस्ती वळणाच्या नार्निया पुस्तकांत सुसानला लिपस्टिकवरून बाहेर ठेवलं यावरही पुलमन भडकलेलाच असतो. मी नास्तिक, मला पुस्तकं जाम आवडतात, पण हे आमच्याबद्दल नाहीच असं तुम्ही लोकांनी म्हणणं म्हणजे पळवाट झाली.

नगरकर_संडेस्कूल
आपल्यावर नाही असं कोण म्हणतंय, आहेच. पण माझ्या मते खरं भांडण मेरीशी नाही, मृतांच्या प्रदेशाशी आहे. विल जगाजगांत वाट कापणाऱ्या सुरीने भोक पाडतो आणि अडकलेले सगळे मेलेले बाहेर पडतात. आपण विश्वासांगीकारात ख्रिस्त ‘अधोलोकात उतरला’ म्हणतो, ते काम इथे दोन पोरं करतात, फरक त्यापुढचा. आपल्याकडे देहासकट उठणं, यांच्याकडे बाहेर आलं की कण कण होऊन हवेत नि गवतात मिसळून जायचं, तेही आनंदाने. आणि ते इतकं सुंदर लिहिलंय की बारा वर्षांच्या पोरीला पटणारच. तिच्या ओळखीतलं कुणी हल्लीच गेलं असेल तर ताई, त्या पानावर तिच्यासोबत बसा, बाकी ठिकाणी नाही बसलात तरी चालेल.

वसईची_आई
थँक्यू दादा. परत नाही देत मग, पण तिसरा मी वाचते तिच्या बरोबरीने. पुणेकर, मेरीचं ते पान कुठे आहे?

पाखंडी_पुणेकर
अँबर स्पायग्लास, 33वं प्रकरण, नाव ‘मार्झिपान’, ती बदामाची मिठाई. बारा वर्षांची असताना बर्थडे पार्टीत एका मुलाने तिला मार्झिपान भरवलेलं असतं, मोठेपणी त्याची चव पुन्हा लागते आणि बाईंचं ननपण संपतं.

वसईची_आई
अरे देवा. आमच्याकडे नाताळला किलोकिलोने करतात मार्झिपान. सासूबाईंना हे प्रकरण नकोच सांगायला.