ओळख पटवण्याचा धंदा वाढतोय, पण चुकीचा भुर्दंड कुणी सोसायचा?

आडवाटेचा:
ओळख पटवण्याच्या तंत्रज्ञानात प्रचंड धंदा आहे आणि आपण उगाच बिचकतोय, असं माझं स्पष्ट मत आहे. आधारचंच बघा. शंभर कोटींहून जास्त माणसांचे दहा बोटांचे ठसे, दोन्ही बुबुळं आणि चेहरा. २०१६ मध्ये जिओचं सिम बोट टेकवून मिळत होतं ते ई-केवायसीमुळे, म्हणजे कागदपत्रांशिवाय, आधारवरून ग्राहकाची ओळख पटवल्यामुळे. फॉर्म, झेरॉक्स, पडताळणीला माणूस पाठवणं, सगळा खर्च वाचला. २०१९ मध्ये खासगी कंपन्यांना एका ई-केवायसीचा दर २० रुपये होता, २०२१ मध्ये तो ३ रुपयांवर आला. इतक्या स्वस्तात ओळख पटली तर दोन-चार हजारांचं कर्ज द्यायलाही कंपनीला परवडतं. मग अडवायचं कशाला?

चिकित्सक:
अडवलं ते विचार करूनच. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खासगी कंपन्यांना आधार वापरायची मोकळीक देणारी आधार कायद्याच्या कलम ५७ मधली तरतूद रद्द केली. पुढच्याच वर्षी कायदा दुरुस्त करून बँका आणि मोबाइल कंपन्यांना 'ग्राहकाच्या संमतीने' पुन्हा वाट करून दिली. काउंटरवर मशीन पुढे सरकवलं की कोण नाही म्हणतं? आणि ठसा एकदा गेला की गेला. अमेरिकेत सरकारी कर्मचाऱ्यांच्या नोंदींवर सायबर हल्ला झाला, २०१५ मध्ये उघड झालं की ५६ लाख जणांचे ठसे चोरीला गेलेत. आपल्याकडे तर खरेदीखतावरचा अंगठा उचलून, सिलिकॉनवर उमटवून लोकांच्या आधारशी जोडलेल्या बँक खात्यातले पैसे काढले गेले.

आडवाटेचा:
अहो, पण तो ठसा आधारच्या डेटाबेसमधून गेला नाही, दस्ताच्या स्कॅनमधून गेला! बायोमेट्रिक लॉक करायची, म्हणजे आपले ठसे-बुबुळं कुणाला वापरता येऊ नयेत म्हणून बंद ठेवायची सोय आहे, २०१८ पासून आधार क्रमांकाऐवजी १६ अंकी व्हर्च्युअल आयडी देता येतो. बोट जिवंत माणसाचं आहे की नक्कल, हे ओळखणारी यंत्रं बनवणं हाही धंदाच आहे.

चिकित्सक:
ज्याला ही लॉकची सोय माहीतच नाही, त्याच्याच खात्यातून पैसे जातात. स्कॅनमधून गेला म्हणून त्याचं नुकसान कमी होतं का?

रानवारा:
मला दोघांशीही भांडायचंय. यंत्र चुकून 'नाही' म्हणतं, त्याबद्दल कुणीच बोललं नाहीत. विटा उचलणाऱ्या, भांडी घासणाऱ्या हातांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. बाई पुन्हा पुन्हा बोट पुसते, टेकवते, यंत्र लाल दिवा दाखवतं. रेशन अडतं, मजुरीचे पैसे अडतात. कंपनीच्या लेखी तो एक फसलेला व्यवहार, तिचा मात्र दिवस बुडाला. ठसा जुळला की नाही, एवढं नुसतं हो-नाही उत्तर विकायचं तर खुशाल विका, लोकांची माहिती साठवून ठेवू नका. पण चुकीच्या 'नाही'ची भरपाई कंपनीने द्यावी आणि ते करारातच असावं.

आडवाटेचा:
भरपाईची अट घातलीत तर ३ रुपयांत कुणी उभं राहणार नाही. दर पुन्हा वाढेल आणि कर्जाविना राहील तो गरीबच.

रानवारा:
वाढू द्या दर. आज तो फरक ती बाई भरतेय.