'असंवेदनशील दारूगोळा'ला बरा शब्द हवा

प्रश्न : संरक्षणविषयक लेखाचा अनुवाद करतेय. 'इन्सेन्सिटिव्ह म्युनिशन'ला 'असंवेदनशील दारूगोळा' लिहिलं, तर घरचे हसायला लागले. संवेदनशील दारूगोळा काय कविता करतो का, म्हणे. पर्याय सुचवा.

– 'फुसका' चालेल का?

– अहो, फुसका म्हणजे वात पेटवूनही न फुटणारा. हा वेळेला फुटायलाच हवा, फक्त अवेळी नको. २९ जुलै १९६७ ला व्हिएतनामजवळ 'फॉरेस्टल' या अमेरिकी विमानवाहू जहाजावर एक रॉकेट आपोआप सुटलं, समोरच्या विमानाची टाकी फुटली, इंधन डेकवर पसरून पेटलं. त्यात पडलेला जुन्या बनावटीचा बॉम्ब दीड मिनिटात फुटला आणि आग विझवायला धावलेलेच आधी गेले. एकूण १३४ मृत्यू. आगीत फुटण्याऐवजी नुसता जळून जाईल असा बॉम्ब हवा, हा विचार अशा अपघातांतून बळावला. स्फोटकाचे कण रबरासारख्या पॉलिमरात बांधणं हा त्यावरचा एक उपाय.

माझं मत 'सोशीक'ला. चटका, गोळी, आपटणं सगळं सोसतो. कोशात घालायला 'अल्पसंवेदी' ठीक आहे, पण तो शब्द वाचून डोळ्यांपुढे काही येत नाही.

– सोशीक मस्तच! आणि 'कुक-ऑफ'? मी 'शिजणे' वाचलंय कुठेतरी.

– शिजणे नको, भात आठवतो. 'तापून फुटणे' म्हणा. त्यातही दोन प्रकार आहेत. ज्वाळेत टाकलं की बाहेरची बाजू आधी पेटते, कवच उकलतं, बरेचदा तेवढ्यावर निभावतं. हळू तापवण्याच्या चाचणीत मात्र तापमान तासाला ३.३ अंश सेल्सिअसने वाढवत असत. उष्णता गाभ्यापर्यंत मुरते, अन् मग होणारा स्फोट अनेकदा जास्त भयंकर. त्याला आपल्याकडे 'आतून धुमसणे' आहेच. सोशीक माणसाचंही तसंच असतं म्हणा. मुंबईच्या गोदीत १४ एप्रिल १९४४ ला 'फोर्ट स्टिकिन'वरचा कापूस दुपारपासून धुमसत होता. त्याच जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटकं. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट.

– (प्रश्नकर्ती) 'सोशीक' घेते, पहिल्यांदा येईल तिथे कंसात 'अल्पसंवेदी'. आता शेवटचं : शेजारचा फुटला म्हणून हा फुटतो, त्या 'सिम्पथेटिक डेटोनेशन'ला मी 'सहानुभूती-स्फोट' लिहून बसलेय.

– खोडा आधी! 'संगतीने फुटणे' लिहा. दिवाळीतली माळ सगळ्यांनी पाहिलेली असते.