रोजची कामं मुलांना शिकवताना: तुमचे अनुभव

कपडे, शौच, हात धुणं, पाळी. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना हे शिकवताना काय जमलं, काय फसलं, ते लिहा. सल्ले नकोत, घडलेलं हवं. सुरुवात मीच करते.

मुलगा अकरा वर्षांचा, डाउन सिंड्रोम. पँट घालायला शिकवताना आम्ही सहा महिने पहिल्याच पायरीवर अडकलो होतो. पुढची बाजू कुठली ते बघ, असं म्हटलं की हा पँट भिरकावून मोकळा! मग थेरपिस्ट म्हणाल्या, उलटीकडून शिकवा. सगळी पँट मी चढवायची, शेवटची चार बोटं वर ओढणं तेवढं त्याचं. पहिल्याच दिवशी ओढली आणि आरशासमोर जाऊन उभा राहिला. पुढे मांडीपासून, मग गुडघ्यापासून. काम दर वेळी त्याच्याच हातून पुरं होतं, खरी मेख तिथे आहे. पुढची बाजू कळावी म्हणून कमरेच्या पट्टीला आतून लाल दोऱ्याचा टाका घातलाय. लाल टाका पोटाशी. कधीतरी अजून उलटी घालतो. घालू दे.

*

संडासात जाऊन शू करायला आम्ही लेकाला आधी शिकवलंच नाही, नुसती नोंद ठेवली. दर अर्ध्या तासाला चड्डी कोरडी की ओली, एवढंच. चौथ्या दिवशी लक्षात आलं की पाणी प्यायल्यावर पाऊण तासाने हमखास होते. त्या वेळा धरून नेऊ लागलो आणि तीन आठवड्यांत घरी जमलं. मग पाहुण्यांकडे गेलो. तिथली फरशी वेगळी, भांडं वेगळं, लेक दारातच खिळला. त्याच्या लेखी संडास म्हणजे आमचा संडास! आता कुठेही गेलो की आधी दोघं नुसतं बघून येतो.

*

मी विशेष शिक्षिका. एक मुलगी हात धुताना प्रत्येक पायरीला थांबून माझ्या तोंडाकडे बघायची. ‘आता साबण’ म्हटल्याशिवाय हात हलायचा नाही. चूक माझी होती. ती हात धुणं शिकलीच नव्हती, बाई बोलल्या की करायचं एवढं शिकली होती. मग नळावर चित्रं लावली आणि मी तिच्या पाठीमागे गेले. तोंड बंद. अडली तर कोपराला एक बोट. हात धरून करून घ्यायची सवय हळूहळू सोडवता येते, बोलून सांगायची सोडवायला मला फार दिवस लागले.

*

बुटाच्या नाडीवर दोन वर्षं घालवली. शेवटी वेल्क्रोचे बूट आणले. ती दोन वर्षं रस्ता ओलांडायला शिकवण्यात घातली असती तर बरं झालं असतं.

*

मुलीची पाळी सुरू व्हायच्या आधी वर्षभर तिला मधूनमधून कोरं पॅड लावून वावरायची सवय केली. निकरवर मार्करने पॅडची बाह्यरेषा काढली, म्हणजे जागा चुकत नाही. काढणं, गुंडाळणं, डब्यात टाकणं, हात धुणं, सगळ्याची चित्रं भिंतीवर. पहिल्या पाळीत ती वापरलेलं पॅड हातात घेऊन, मोठ्या कौतुकाने, भरल्या बैठकीत दाखवायला आली. दार लावायची पायरी आम्ही चित्रांत घेतलीच नव्हती. आता पहिलं चित्र बंद दाराचं आहे. परवा मी काही द्यायला आत शिरले, तर त्या चित्रावर बोट ठेवून मलाच बाहेर काढलं.